कोऱ्या जागांचे छर्रे

बाबांचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांचं कपाट आवरायला घेतलं आणि थोड्याच वेळात मोठमोठ्याने हसायला लागले. आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, मी रडतेय. मग तिच्या लक्षात आलं की मी हसतेय, आणि तिचा चेहरा जास्तच उतरला.

"शेजारी ऐकतील गं," ती म्हणाली. "काय वाटेल त्यांना?"

मी तिच्यापुढे कागद धरला. तळहातापेक्षा थोडा मोठा, जाडसर, पिवळा पडलेला. मध्यभागी काळं वर्तुळ, त्याभोवती बारीक रिंगणं आणि कागदभर भोकं. भोकांशेजारी लाल शाईत बाबांच्या टोकदार अक्षरातली एकेक सूचना. आईने चष्मा लावून पाहिलं. मग ती खाली फरशीवर बसली, पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलायला लागले.

हा कागद काय आहे ते सांगायचं, तर मला नव्वदीच्या दशकातल्या एका आठवड्यात जावं लागेल. बाबा गेल्यापासून मला कुठलंच वाक्य भराभर लिहिता येत नाही. पण हे लिहिताना मध्येमध्ये पेन खाली ठेवावं लागतंय ते हसू येतं म्हणून.

आम्ही नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक गॅलरी एवढ्या जागेत राहत होतो. बाबा जवळच्याच एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची उलटी अक्षरं चिमट्याने उचलून एकेक ओळ रचायची, हे काम त्यांनी तेवीस वर्षं केलं. मग मालकांनी संगणक आणला. सुरुवातीला एकच होता, काचेच्या खोलीत, बूट काढून आत जायचं. वर्षभरात खोली मोठी झाली आणि खिळ्यांच्या पेट्या बाहेरच्या पॅसेजमध्ये आल्या. शेवटी त्या भंगारात निघाल्या. मालक भले होते. त्यांनी बाबांना शाल दिली, नारळ दिला आणि "आठवण म्हणून" त्यांच्या आवडत्या मापाच्या खिळ्यांची एक भरलेली पेटी हातगाडीवर घालून घरी पाठवली. आई पेटीकडे पाहून म्हणाली, "आठवण उचलायला चार माणसं लागली."

त्यानंतर तीन महिने बाबा खिडकीपाशी बसून होते. सकाळी वर्तमानपत्र घ्यायचं, लाल पेनाने त्यातल्या चुका काढायच्या, आणि घडी करून रद्दीत टाकायचं. ते चिडत नव्हते, तक्रार करत नव्हते. त्यांची बोटं मात्र मांडीवर सारखी काहीतरी उचलून ठेवत असायची. मला ती बोटं बघवत नसत.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. पुस्तकातून डोकं वर न काढणारी मुलगी. मैत्रिणी संगणकाच्या क्लासला जात होत्या, आणि मी, कुणालाही पटणार नाही पण, एअर रायफल चालवायला शिकत होते. त्या खेळात कुणाशी बोलावं लागत नाही, हे मला आवडलं होतं. एका जुन्या व्यायामशाळेच्या सभागृहात सराव चाले. शिकवायला सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. दहा मीटरवर कागदी लक्ष्य, त्यामागे लोखंडी पत्रा. छर्रा कागद भेदून पत्र्यावर आपटायचा, चपटा व्हायचा आणि खालच्या पेटीत पडायचा. छर्रा म्हणजे हरभऱ्याहूनही लहान, डमरूच्या आकाराचा शिशाचा तुकडा.

असाच एक चपटा छर्रा एकदा माझ्या चपलेच्या तळव्यात रुतून घरी आला. बाबांनी तो नखाने काढला आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं.

"शिसं आहे," ते म्हणाले. ओळखीचं माणूस भेटल्यासारखा आवाज. "आता याचं काय करतात?"

"काही नाही. टाकून देतात."

"एकदा वापरून?"

मी भाकरी टाकून देतात असं म्हटलं असतं तरी त्यांना इतकं लागलं नसतं. छापखान्यात धातू असा फेकला जात नाही. सकाळी लग्नपत्रिका छापलेली अक्षरं धुऊन, सुटी करून, आपापल्या खणात टाकायची. तीच अक्षरं संध्याकाळी कुणाच्या निधनाच्या पत्रकाला लागायची. दुसऱ्या दिवशी बाबांनी माझ्या हातात कापडी पिशवी दिली. "सरांना विचार. ते देत असतील तर सगळे घेऊन ये."

सर म्हणाले, "ने बाई, ने. तेवढाच झाडू कमी मारावा लागंल."

आणि आमच्या गॅलरीत कारखाना सुरू झाला.

पहिल्यांदा बाबांनी चपटे छर्रे चिमट्याने वळवून सरळ करून पाहिले. त्यांचे डमरू काही होईनात, फुटाणे झाले. मग भोसरीच्या एका कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडून त्यांनी दोन भागांचा पितळी साचा करून आणला. जुनी लोखंडी पळी, वातीचा स्टोव्ह, नाकावर उपरणं, आणि तोंडात गुळाचा खडा. शिशावर गूळ हा उतारा, अशी छापखान्यातली समजूत होती. आईने गॅलरीचं दार बाहेरून लावून घेतलं आणि जाळीतून बजावलं, "ती पळी आता घरात येणार नाही. आणि तुम्हीसुद्धा, आंघोळ केल्याशिवाय."

"अगं, पण दार उघडल्याशिवाय आंघोळीला येऊ कसा?"

"तो विचार आत जायच्या आधी करायचा होता."

बाबा शीळ घालत होते. तीन महिन्यांनी मी ती ऐकत होते. मांडीवरची बोटं थांबली होती, कारण त्यांना खरं काम मिळालं होतं. मला आठवतं, मी अभ्यासाचं पुस्तक उलटं धरून बसले होते आणि मनात एकच गोष्ट चालली होती: हे बंद पडता कामा नये.

पण छर्रे बाबांच्या मनासारखे होईनात. वितळलेलं शिसं फार मऊ होतं, नखानेही ओरखडा उठे. बाबांचं सगळं आयुष्य ताठ धातूत गेलेलं. खिळ्यात शिशाबरोबर कथील आणि अँटिमनी असतं, म्हणून हजारो कागद छापले तरी अक्षराची कड मोडत नाही. "मऊ धातूला चेहरा टिकत नाही," ते म्हणाले, आणि आठवणीच्या पेटीकडे वळले. त्यातले मूठभर खिळे त्यांनी पळीत टाकले.

"बाबा, अक्षरं वितळवताय?"

"वेडी आहेस का? अक्षराला हात लावणार नाही." त्यांनी मला पळी दाखवली. आत नुसते कोरे तुकडे होते. दोन शब्दांमध्ये जागा सोडायला जे बसवतात, ज्यांच्यावर काहीच कोरलेलं नसतं, ते. "शब्दांमधली जागा हवी तेवढी घे. भरपूर आहे."

बुधवारी सकाळी त्यांनी मला कापराची डबी दिली. आत चमकदार, कडक, एकसारखे छर्रे. "शनिवारी निवड आहे ना तुझी? आज हे मारून बघ. आणि नुसतं छान लागले म्हणू नकोस, कागद आण. प्रूफ काढल्याशिवाय छपाई करायची नसते."

शनिवारी आंतरमहाविद्यालयीन संघाची निवड होती. एकच जागा होती आणि ती मला हवी होती.

मी पहिला छर्रा भरला, श्वास अर्धा सोडला, घोडा दाबला. एरवी 'टप्' असा आवाज येतो. त्या दिवशी देवळातल्या घंटेसारखा 'ठण्ण' असा नाद झाला आणि पुढच्या क्षणी माझ्या पायापाशी काहीतरी गरगरत आलं. छर्रा परत आला होता. जसाच्या तसा, डमरूसह. मला काहीच कळेना. मी दुसरा भरला. ठण्ण! तो भिंतीला लागून कुठेतरी गेला आणि शेजारची मुलगी किंचाळली. तिसरा पत्र्यावरून उसळला आणि सरांच्या चहाच्या थर्मासवर 'टिंग' करून आपटला.

"थांबा!" सर ओरडले. सगळ्यांच्या रायफली खाली झाल्या. सरांनी वाकून तिन्ही छर्रे शोधले, दाताखाली धरून पाहिले. "हे काय हाय? शिसं मऊ असतंय ते उगीच? आपटलं की चेपायचं, तिथंच मरायचं. हे तर हजेरी देऊन माघारी येतंय! डोळा गेला असता कुणाचा तरी. परत आणलेस तर छर्ऱ्यांसकट तुला बाहेर काढीन."

आणि मग, ओरडून झाल्यावर, ते थर्मासवरचा पोचा बघत हसायला लागले. आम्ही सगळ्याच हसलो. मी घरी येईपर्यंत रस्त्याने एकटी हसत होते. जिना चढताना मात्र माझं हसू संपलं, कारण वरून शीळ ऐकू येत होती.

"कसे लागले?"

"छान लागले, बाबा."

"प्रूफ?"

"कागद सरांनी ठेवून घेतले."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. छापलेल्या पानाकडे पाहावं तसं, डावीकडून उजवीकडे. मग म्हणाले, "बरं."

दोन रात्री मी विचार केला. खरं सांगितलं तर बाबा परत खिडकीत जाऊन बसणार. त्यांचेच छर्रे वापरले तर सर मला बाहेर काढणार. शुक्रवारी कॉलेजातून येताना मी बुधवार पेठेतल्या खेळसामानाच्या दुकानात गेले आणि देशी छर्ऱ्यांची पुडी घेतली. घरी आले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. मी कापराची डबी घेऊन गॅलरीत गेले आणि बाबांचे छर्रे तुळशीच्या कुंडीत ओतले. ओतताना मी समोरच्या इमारतीकडे बघत होते. ते छर्रे पडताना बघणं मला जमलं नसतं. मग वरून माती लोटली. तेवढ्यात आई निरांजन घेऊन मागे उभी.

"तुळशीला काय घालतेस?"

"खत."

"बरं," आईसुद्धा म्हणाली. त्या आठवड्यात आमच्या घरात 'बरं' हा शब्द फार झाला होता. डबीत मी देशी छर्रे भरले.

शनिवारी सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर आले. प्रेक्षकांच्या बाकावर पहिले जाऊन बसले. मी डबी उघडली तेव्हा ते मान पुढे करून बघत होते. मी नेम धरला. देशी छर्रे वाईट नव्हते, पण एकसारखेही नव्हते. एक मध्यभागी, दुसरा काठावर, तिसरा परत मध्यभागी. सगळं संपलं तेव्हा मी दुसरी आले होते. दुसरी म्हणजे राखीव.

मला वाईट वाटायलाही फुरसत मिळाली नाही. बाबा सरळ माझ्या लक्ष्यामागच्या पेटीकडे गेले होते. त्यांनी मूठभर चपटे छर्रे काढले, भिंग डोळ्याला लावलं, एक पाहिला, दुसरा पाहिला, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांना कळलं होतं.

"चल," ते म्हणाले.

"घरी?"

"बुधवार पेठेत."

आम्ही दुकानापाशी पोचलो तेव्हा एक वाजत आला होता आणि मालक शटर ओढत होते. बाबा काही बोलणार, तेवढ्यात ते म्हणाले, "चारला."

"अहो, पण..."

"पाटी आहे."

आम्ही तीन तास समोरच्या पायरीवर बसलो. बाबा रुमालात बांधलेले छर्रे मुठीत आवळून शटरकडे बघत होते. आपण इथे का आलो, हे विचारायची माझी हिंमत होईना. मी मनातल्या मनात कबुलीजबाब रचत होते, 'बाबा' या शब्दापुढे प्रत्येक वेळी अडत होते. मध्येच ते उठले, दोन ग्लास उसाचा रस घेऊन आले आणि एक मला देऊन म्हणाले, "पी. तुझी काही चूक नाही."

मी ग्लास हातात धरून शटरवरची पाटी पुन्हापुन्हा वाचत बसले.

चार वाजता शटर वर गेलं. बाबांनी रुमाल काउंटरवर सोडला. "परवा मी तुमच्याकडून परदेशी छर्ऱ्यांची डबी नेली. हे त्यातले. कमरेखाली बारीक रेघा हव्यात, त्या नाहीत. वर साच्याचा सांधा दिसतोय. तुम्ही मला परदेशी म्हणून देशी माल दिलात. माझ्या मुलीची निवड गेली."

कोणती परदेशी डबी, हे मला कळेना.

मालकांनी छर्ऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "डबी सीलबंद होती?"

"होती."

"सील मी फोडलं का?"

"नाही, पण..."

"मग तुम्ही फोडलंत. वापरलेला माल परत घेत नाही."

"मी परत द्यायला आलो नाही. मी जाब विचारायला आलोय!"

"त्याला चार्ज नाही. विचारा." मग त्यांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी एक चपटा छर्रा उचलला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "ताई, काल पुडी नेलीत ती हीच ना?"

बाबा वळले.

"तू पुडी नेलीस?"

"हो."

"कशाला?"

"बाबा, तुमचे उसळत होते. पत्र्यावरून परत येत होते. सरांच्या थर्मासला लागला. मी डबीतले तुमचे काढून हे भरले. मला सांगवलं नाही."

"माझे?" बाबा म्हणाले. "माझे नव्हतेच डबीत. माझे मी गुरुवारीच काढून घेतले."

"म्हणजे?"

"म्हणजे तू टाकलेस ते परदेशी!"

मग बाबांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि काउंटरवर उलगडला. तोच हा कागद. माझ्या 'छान लागले'वर त्यांचा विश्वास बसला नव्हता. प्रूफ पाहिल्याशिवाय कसा बसणार? गुरुवारी दुपारी मी कॉलेजात असताना ते सरांकडे गेले होते. "दहा मारा," असं त्यांनी सरांना सांगितलं. सरांनी सगळ्या मुलांना बाहेर काढलं, गॉगल लावला आणि दहा मारले. मग बाबांनी बाकावर बसून त्या कागदाचं रीतसर प्रूफ तपासलं होतं. एका भोकाशेजारी लिहिलं होतं, 'वर घ्या'. दुसऱ्याशेजारी, 'दोहोंत अंतर फार'. कोपऱ्यातल्या भोकाशेजारी, 'हे या पानावरचे नव्हे'. आणि तळाशी, मोठ्या अक्षरात, सहीसह: 'छपाई थांबवावी'.

पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही. बहुतेक मालक, कारण त्यांनी लगेच चेहरा सरळ करून खोकल्याचं नाटक केलं. मग बाबा. त्यांनी काउंटरची कड धरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मला वाटलं, तुला कळलं तर तुला वाईट वाटेल," ते कसेबसे म्हणाले, "खोटं बोललीस ते मला कळलं म्हणून." मी खालीच बसले. मालकांनी न मागता पाण्याचे दोन ग्लास ठेवले आणि म्हणाले, "झालं असेल तर काउंटर मोकळा करा. गिऱ्हाईक येतंय." गिऱ्हाईक कुणीही नव्हतं.

घरी येऊन आम्ही तुळशीची कुंडी वर्तमानपत्रावर पालथी केली. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "खत बाहेर काढताय? चांगलं पिकलं वाटतं." बाबा माती चाळत होते, मी छर्रे वेचत होते, आणि एकेक सापडला की तो वर धरून आम्ही पुन्हा हसत होतो. आईने बराच वेळ तग धरला. मग तिने विचारलं, "मला कुणी सांगेल का?" आणि सांगितल्यावर पाच मिनिटं ती हसतच राहिली. त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही, आम्ही मातीच्या हातांनी बसून चुरमुरे खाल्ले.

सोमवारी मी सरावाला गेले तेव्हा सरांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"तुझ्या वडलांचा तो कागद बघितला मी," ते म्हणाले. "भोक रिंगणाला शिवलंय का नाय, यावर इथं रोज भांडणं. माझ्या डोळ्याला आता दिसत नाय. त्यांनी भिंग लावलं आन् एका दमात सांगितलं. केसभर फरक! त्यांना म्हणावं, छर्रे नकोत. डोळा द्या."

बाबा दुसऱ्या दिवसापासून जायला लागले. पुढे अनेक वर्षं त्या सभागृहात कागद तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. मुलं त्यांना घाबरायची, कारण ते कुणासाठीही रेषा हलवत नसत. मला त्यांनी कधीच एक गुण जास्त दिला नाही, एकदा तर एक कमी केला. मी पुढच्या वर्षी संघात गेले, दोन वर्षं खेळले, आणि मग हिंजवडीत एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायला लागले. तिथल्या संगणकावर शब्दांमधली जागा एका बोटाने पडते. ती पट्टी दाबताना मला कधीकधी पळी आठवे आणि मी बैठकीत हसत असे.

परवा हे सगळं आईला आणि मला पुन्हा आठवलं. हसून झाल्यावर तिने कागद खिडकीशी नेला आणि म्हणाली, "हे बघ. दहापैकी नऊंनाच सूचना आहे."

मी इतक्या वर्षांत ते पाहिलं नव्हतं. दुकानात हसण्याच्या नादात पाहायचं राहिलं, आणि नंतर कागद कपाटात गेला. काळ्या वर्तुळाच्या डाव्या अंगाला एक भोक आहे. मध्यभागी नाही, जवळही नाही, अगदीच सामान्य. त्याशेजारी शब्द नाही. भोकाखाली लाल शाईचे ठिपके आहेत, एका ओळीत.

"ठिपके म्हणजे काय गं?" आईने विचारलं.

छापखान्यातल्या माणसाच्या मुलीला ते माहीत असतं. तपासणाऱ्याने आधी एखाद्या गोष्टीवर काट मारलेली असते आणि मग त्याचं मन बदलतं, तेव्हा तो खाली ठिपके देतो. त्याचा अर्थ, आहे तसं राहू द्या.

मी भिंग शोधलं. कपाटातच होतं, सदऱ्यांच्या खाली. ते लावून पाहिलं तर खरंच, भोकावर आधी बारीक काट होती.

"दहाही चुकीचे म्हणवेना त्यांना," आई म्हणाली. "एक ठेवला."

कपाट अजून आवरायचं आहे. खिळ्यांची पेटी त्याच्या शेजारी तशीच आहे, कोऱ्या तुकड्यांचा खणसुद्धा. त्यात बाबांनी गुरुवारी परत ठेवलेले डमरू अजून आहेत, कडक आणि चमकदार, एकही न चेपलेला. आई विचारत होती, भंगारवाल्याला बोलवायचं का. मी लाल पेन घेतलं आणि पेटीच्या कडेला, लाकडावर, ठिपक्यांची एक ओळ काढली.

"बरं," आई म्हणाली.